बसने सत्तरी: पणजीहून वाळपई आणि तिथून म्हादईच्या रानाकडे, दोन दिवस, पाठीवर एक बॅग

जन्म गोव्यात गेला आणि सत्तरी तालुका बघितला नाही असे लोक मला सारखे भेटतात, आणि का नाही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे गाडी नाही गं, तिकडे जाणार कसं?" बसने. वाळपईची कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, पणजीत कामाला येणारे लोक, सगळे रोज बसनेच येतात-जातात. मी मूळची म्हापशाची, नोकरी पणजीत, गाडी नाही, आणि गेली बरीच वर्षं वर्षातून दोन-तीनदा तरी मी बॅग उचलून तिकडे जाते. कधी मैत्रिणीबरोबर, कधी एकटी. त्यातून जे कळलं ते सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवते, कारण दर वेळी फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

पहिल्यांदा एक सांगते. वाळपई म्हणजे महाबळेश्वर नाही. गाव डोंगराच्या डोक्यावर नाही, डोंगर आजूबाजूला आहेत आणि गाव मध्ये. इथे पॉइंट नाहीत, घोडे नाहीत, स्ट्रॉबेरी नाही. नगरपालिका, बसस्टँड, बाजार, शाळा, सरकारी दवाखाना असलेलं साधं तालुक्याचं गाव. पण इथून बस पकडून अर्धा तास आत गेलात की म्हादई अभयारण्य सुरू होतं, २०८ चौरस किलोमीटर, १९९९ साली जाहीर झालेलं, आणि त्याच्या आत आणि काठाला माणसं राहतात, शेती करतात, कुळागरं म्हणजे माड-पोफळीच्या बागा सांभाळतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात आधी परतीची गाडी

आपण प्लॅन करतो तो इथून तिथे असा. सकाळी किती वाजता निघायचं, काय काय बघायचं, वेळ उरला तर अजून काय. सत्तरीत हे उलट करायचं. आतल्या गावातून वाळपईला येणारी शेवटची गाडी कधी आहे ते आधी बघा आणि तिथून मागे मागे येत दिवस मांडा. आतल्या गावांना दिवसाला थोड्याच फेऱ्या असतात, त्यांची वेळ शाळा आणि कामावर जाणाऱ्यांच्या हिशेबाने लावलेली, म्हणजे सकाळी येते, दुपारी येते, संध्याकाळी येते आणि मग संपलं. मधली चुकली की तीन-चार तास काढायचे, शेवटची चुकली की चालायचं.

माझी चुकलेली आहे. नगरगावच्या पुढच्या एका गावात मी दुपारी नदीच्या काठाला बसले होते, पाण्यात पाय सोडून, संध्याकाळच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवलेली त्यामुळे एकदम निवांत. सव्वापाचला येऊन थांब्यावर उभी राहिले तर एक आजी डोक्यावर सुक्या फाट्यांचा भारा घेऊन चाललेली, मला बघून थांबली. "बाये, कोणाची वाट बघतंस?" म्हटलं गाडीची. तिने भारा तसाच एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने रस्त्याकडे दाखवलं आणि म्हणाली, "आज आयतार ना? आयताराक ती गाडी नाय." मी वेळ विचारली होती, वार विचारला नव्हता. मग चालत निघाले, काळोख पडायला लागला, रस्त्यावर लाइट नाही, दोन्ही बाजूंना झाडी, आणि नशिबाने मागून केळीचे घड घेऊन चाललेला पिकअप आला आणि त्यातल्या काकांनी आपल्या बायकोच्या शेजारी बसवून वाळपईला सोडलं. पैसे द्यायला लागले तर रागावले.

तर वेळ विचारताना वार सांगून विचारा. "रविवारी पण आहे ना?", "शाळेला सुट्टी असली तरी येते ना?" हे दोन प्रश्न. आणि ते एका माणसाला नाही, दोघांना विचारा. त्यातला एक तुम्ही उतरता त्याच बसचा कंडक्टर असला तर उत्तम, कारण संध्याकाळची फेरी बऱ्याचदा त्याचीच असते आणि एकदा विचारलं की तुमचा चेहरा त्याच्या लक्षात राहतो.

कधी जायचं

माझ्या मते नोव्हेंबर ते जानेवारी. ओढ्यांना पाणी असतं, रान हिरवं असतं, पहाटे वाळपईत चक्क स्वेटर लागतो. फेब्रुवारीनंतर ऊन चढतं, पण तेव्हा काजूचा सीझन असतो, फेणीच्या भट्ट्यांचा वास येतो, ताजा नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा रस मिळतो, तो सीझनही एकदा बघण्यासारखा. शिगम्यात गेलात तर झर्मे, करंझोळ अशा गावांत चोरोत्सव असतो, ते वेगळंच प्रकरण आहे पण त्या दिवसांत गर्दी आणि गाड्यांचा हिशेब बिघडलेला असतो.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यांना धबधबेच हवे असतात. हिवरे, चरावणे, पाली, ही नावं तुम्ही रील्समध्ये ऐकली असतील. जुलै २०२३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर माणसं बुडाली आणि त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली, मग काही धबधबे परत खुले केले. म्हणजे मागच्या पावसाळ्यात मित्र गेला होता म्हणून यंदा चालेल असं धरून जाऊ नका, जायच्या आधी विचारा. आणि परवानगी असली तरी घाटात वर पाऊस पडत असेल तर खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढ्याला एकदम पाणी येतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला की त्या सेकंदाला बाहेर. फोटो राहू दे. ज्यांना पाण्यातच जायचंय त्यांच्यासाठी म्हादई नदीवर पावसाळ्यात उस्ते ते सोनाळ राफ्टिंग होतं, जॅकेट-हेल्मेट घालून, जाणत्या माणसांबरोबर, ते करा.

बॅगेत काय

पंचवीस-तीस लिटरची एकच बॅग, त्याहून मोठी नको. आपल्या प्रायव्हेट बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, वरची फळी अरुंद, आणि कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत असताना साठ लिटरची सॅक घेऊन आत उभं राहणं म्हणजे बाकीच्यांना त्रास. बॅग चढतानाच पाठीवरून काढून हातात घ्या, ड्रायव्हरच्या बाजूला जागा असते तिथे विचारून ठेवा.

आत काय ते पटकन सांगते: पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, लांब पँट दोन, लांब मोजे, बंद बूट, टॉर्च, दोन लिटर पाणी, चणे-खजूर असलं काहीतरी, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, रोजच्या गोळ्या. सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा भरपूर. आतल्या गावात रेंज कधी येते कधी जाते, त्यामुळे मॅप आधी डाऊनलोड करून ठेवा आणि पेमेंट मोबाईलवर होईल या भरवशावर अजिबात राहू नका. भडक रंगाचे कपडे आणि सेंट घरी ठेवा.

दिवस पहिला: वाळपई गाठायची

पणजीच्या कदंब स्टँडवर सात-साडेसातला पोचा. वाळपईची डायरेक्ट गाडी लागलेली असली तर बसा. नसली तर वाट बघत बसू नका, साखळीची पकडा आणि साखळीला बदला, साखळीहून होंडामार्गे वाळपईला गाड्या मिळतात. म्हापशावरून येणाऱ्यांनी डिचोली, साखळी असं यायचं, फक्त शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो हे धरून चला, दुपारच्या गाड्यांत टोपल्या आणि पिशव्या इतक्या असतात की उभं राहायला जागा नाही. मडगावकडच्यांना फोंडा आणि तिथून उसगाव तिस्कमार्गे वाळपई सोपं पडतं. महाराष्ट्रातून कोकण रेल्वेने येणारे थिवीला उतरून अस्नोडा, डिचोली करत येऊ शकतात, पणजीपर्यंत जायची गरजच नाही. दोडामार्गवरूनही डिचोली जवळ आहे. आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणाऱ्या गाड्या केरीवरून साखळीला येतात, हा रस्ता दिवसाउजेडी करा, खिडकीची सीट मिळाली तर सोनं.

पणजीहून सगळं धरून दोन तास लागतात असं समजा, बदलाबदलीत थोडं जास्त. खर्चाचं विचाराल तर दोन दिवसांचा सगळा बसप्रवास माझा एकटीचा तीनशेच्या आत बसतो.

वाळपईला उतरल्यावर पहिलं काम नाश्ता. स्टँडच्या आसपास हॉटेलांत गरम पातळ भाजी आणि पाव, मिरची भजी, बन, चहा. पोट भरून घ्या कारण आत गेल्यावर एखादा गाडा सोडला तर खायला काही मिळेल याची खात्री नाही. दुसरं काम, राहायचं ठिकाण आधीच फोनवर ठरवलेलं असेल तिथे जास्तीची बॅग टाका. वाळपईत साधे लॉज आहेत, आजूबाजूच्या गावांत होमस्टे आहेत. होमस्टेवाल्यांना एक प्रश्न नक्की विचारा, बस थांब्यापासून किती चालायचं आणि संध्याकाळी कोणी न्यायला येतं का. एकट्या मुलींना माझा सल्ला असा की पहिल्या वेळी वाळपईतच राहा, ओळखी झाल्या की मग आत.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, वन खात्याचं ऑफिस. म्हादई अभयारण्याचं ऑफिस वाळपईतच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात असं आहे की अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून तुम्ही ये-जा करू शकता, पण रस्ता सोडून रानात शिरायचं तर परवानगी लागते. म्हणजे बसने गावात गेलात, देवळात गेलात, थांब्यावर बसलात, काही प्रश्न नाही. पायवाटेने आत, ओढ्याच्या वर, डोंगरावर, हे विचारल्याशिवाय नाही. तिथे गेल्यावर सरळ सांगा की बसने आलोय, अमुक गावाला जायचंय, काय चालेल काय नाही. कुठली वाट बंद आहे, कुठे सध्या गवे दिसतायत, गावातला कोण माणूस बरोबर नेता येईल हे तिथेच कळतं. सोसोगडच्या शिखरासारखं काही डोक्यात असेल तर जाणता माणूस आणि परवानगी, दोन्ही नसतील तर विषय सोडून द्या.

पहिली दुपार: ब्रह्मकरमळी

पहिल्या दिवशी लांब जायचं नाही. नगरगाव-धावेच्या बाजूला जाणारी गाडी पकडा आणि ब्रह्मकरमळीला उतरा, वाळपईपासून सात-आठ किलोमीटर. इथे ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. पोर्तुगीज देवळं पाडत होते त्या काळात तिसवाडीतल्या करमळी गावातून लोकांनी ही मूर्ती उचलून इथे आणली, म्हणून गावाच्या नावातही करमळी. काळ्या दगडाची, कदंब राजांच्या काळातली, उभी मूर्ती. मी दर वेळी तिथे बसून एकच विचार करते, ही एवढी दगडी मूर्ती, नदी आणि रान पार करून, रस्ते नसताना, लपतछपत कशी आणली असेल. आपण बसमध्ये बॅग जड झाली म्हणून कुरकुरतो.

येताना गाडीला वेळ असेल तर रस्त्याने थोडं चालत या, मधल्या कुठल्याही थांब्यावर हात केला की बस थांबते. वाळपईच्या जवळच नाणूसचा किल्ला आहे, १८५२ मध्ये दीपाजी राणेंनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं ते इथून. बघायला फार अवशेष नाहीत पण सत्तरीच्या माणसाला त्या जागेचा अभिमान आहे, विचारलंत तर कोणीही उभं राहून सांगेल आणि मराठीत सांगेल, इथे भजन, नाटक, वर्तमानपत्र सगळं मराठीतच चालतं, त्यामुळे भाषेची काही अडचण नाही.

दिवस दुसरा: राय

सकाळची पहिली गाडी. यासाठीच आदल्या रात्री मुक्काम केलाय. बांबर गावात निरंकाराची राय आहे, राय म्हणजे देवराई, आणि मला विचाराल तर सत्तरीत एकच गोष्ट बघायची असेल तर ही. गावात उतरा, कोणाला तरी विचारा, शक्यतो गावातल्याच कोणाला तरी बरोबर घ्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या. चपला-बूट कुठे काढायचे ते तो सांगेल.

आत शिरल्याबरोबर ऊन संपतं. पायाखाली चिखल आणि पाणी, आणि त्या पाण्यातून झाडांची मुळं वर आलेली, वर येऊन वाकून परत खाली गेलेली, माणूस गुडघे मोडून बसल्यावर गुडघे दिसतात ना तशी, शेकडो. रानटी जायफळाच्या जातीची ही झाडं सतत पाण्यात उभी, चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती श्वास घ्यायला बाहेर येतात. मी एकदा खाली बसून एका मुळाकडे बराच वेळ बघत होते, वरच्या वळणावर शेवाळ, त्यावर एक नखाएवढा बेडूक, तो हलला तेव्हा कळलं की तो आहे. अशी दलदलीची जंगलं आता फार थोडी उरलीत, आणि ही उरली ती निरंकाराच्या नावावर, इथली फांदी कोणी तोडत नाही म्हणून. तेव्हा पडलेलं पान-फळसुद्धा खिशात घालू नका, मुळांवर पाय देऊ नका, मोठ्याने बोलू नका. ड्रोन तर काढूच नका.

सकाळी सकाळी गेलात तर धनेश ऐकू येतो, पंखांचा आवाज आधी, पक्षी नंतर. शेकरू दिसायची शक्यता चांगली, वर झाडाच्या शेंड्याला घरट्याचा गोळा दिसला की थांबून बघा. पिवळ्या अंगाचा, लालबुंद गळ्याचा बुलबुल दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. गवा दिसला तर थांबा, मागे सरका, त्याला रस्ता द्या, त्याचा व्हिडिओ काढायला पुढे जाणाऱ्या माणसाबरोबर परत कधी फिरायला जाऊ नका.

वाघ विचारू नका. म्हणजे विचारायला बंदी नाही, पण थांब्यावर भेटलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न "इथे वाघ आहे का हो" असा नको. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे बछडे, चार वाघ मेलेले सापडले, विषबाधेने. त्यानंतर २०२३ च्या जुलैत हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. मला स्वतःला वाघ इथे हवाच आहे, राखीव रान हवंच आहे. पण ज्याची गाय गेली, ज्याला आपलं घर हलवावं लागेल ही भीती आहे, त्याच्या अंगणातून आपण पाणी पिऊन जाणार, तर आधी त्याचं ऐकून घ्यावं.

आगीचं पण याच जोडीला. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आग लागली आणि दिवसचे दिवस धुमसत राहिली, नौदलाच्या हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं. तेव्हा सिगारेट नको, चूल नको, रात्री शेकोटी नको. वेफर्सचं पाकीट परत बॅगेत.

दुपारी वाळपईला परत या, शीत-कडी, मासे किंवा शाकाहारी थाळी जेवा आणि साखळीची गाडी पकडा. उजेड शिल्लक असेल तर साखळीला उतरून हरवळे करता येतं, दोनेक किलोमीटर, रिक्षाने किंवा चालत. दगडात कोरलेली लेणी, रुद्रेश्वराचं देऊळ आणि शेजारी धबधबा. केरी आणि अंजुणे धरण मात्र यात कोंबू नका, केरीला अजोबाची राय आहे, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. साखळीहून पणजीला संध्याकाळी सात वाजायच्या आत निघा, त्यानंतर गाड्या पातळ होत जातात.

गोचीड, आणि घरी आल्यावर

जळवांना सगळे घाबरतात, जळू चिकटली तर नखाने बाजूला सरकवून काढा, रक्त थोडं वाहतं, बाकी काही होत नाही. काळजी घ्यायची ती गोचिडीची. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, पालीसारख्या गावात माणसं दगावलीत, साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका आपला फिरायचा सीझन. रानातल्या बारीक गोचिडी चावून हा पसरतो. म्हणून लांब पँट मोज्यात खोचायची, सुक्या पाचोळ्यावर बसायचं नाही, बॅग जमिनीवर टाकायची नाही, कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही आणि वाळपईच्या आरोग्य केंद्रात किंवा वन खात्याला कळवायचं.

घरी आलात की बॅग बेडवर ठेवू नका. कपडे थेट गरम पाण्यात, स्वतः साबण लावून आंघोळ, गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, कमरेच्या पट्ट्याच्या जागी नीट बघायचं, गोचीड दिसली तर चिमट्याने तोंडापाशी धरून सरळ ओढून काढायची, हाताने चिरडायची नाही. आणि पुढच्या दहा-पंधरा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर पॅरासिटामॉल घेऊन घरी झोपून राहू नका, डॉक्टरकडे जा आणि आत शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हेच सांगा की मी सत्तरीला रानात जाऊन आलेय.